डोळ्यांचे आजार, इजा आणि शुश्रूषा : बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

मी नेत्रविभागात नर्स होते. वॉर्ड, ऑपरेशन थिएटर आणि खेड्यापाड्यांतली शिबिरे यातच नोकरी गेली. निवृत्त झाले तरी फोन थांबलेला नाही. खानापूरच्या आशा ताई, निपाणी-चिकोडीकडचे शेतकरी, बेळगावच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुली, पहिलटकरीण लेकीची काळजी करणाऱ्या आया, सगळे विचारतात आणि बरेचदा तेच विचारतात. म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. औषध कोणते आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. पण डोळ्याला इजा झाल्यावर पहिला अर्धा तास घरच्यांच्या हातात असतो. त्या अर्ध्या तासात काय झाले यावर पुढची नजर किती ठरते, हे मी वॉर्डात रोज पाहिले आहे.

१. डोळ्यात काहीही गेलं, लागलं, की आधी पाणी मारायचं. बरोबर ना सिस्टर?

निम्मे बरोबर. चुना, फिनेल, ॲसिड, सिमेंट, कीटकनाशक, रंग, झाडाचा चीक असे काही गेले असेल तर लगेच आणि भरपूर पाणी. पण डोळा कापला, टोचला किंवा फुटला असेल तर पाणी अजिबात नको. थेंब नकोत, मलम नको, चोळणे नको, दाबून पट्टीही नको.

फुटलेला डोळा कसा ओळखायचा? बाहुली गोल न राहता थेंबासारखी ओढलेली दिसते, डोळ्यातून चिकट किंवा काळपट काही बाहेर आलेले असते, मार बसताच नजर एकदम गेलेली असते. यातले एक जरी दिसले तरी डोळा फुटला आहे असेच समजा. चहाच्या कागदी कपाचा तळाकडचा भाग कापून घ्या, त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकवा आणि चिकटपट्टीने लावा. डोळ्याला कशाचाही स्पर्श होता कामा नये. खिळा, काडी, तार रुतलेली असेल तर उपटू नका, आहे तशी घेऊन चला. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण बहुधा भूल देऊन टाके घालावे लागतात. डोके उंच ठेवा. रुग्णाला मळमळत असेल तर पोहोचताक्षणी सिस्टरला सांगा. ओकारीच्या जोराने डोळ्यातले आणखी बाहेर येते, म्हणून उलटी थांबवायचे इंजेक्शन आम्ही आधी देतो. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले तेही आठवून ठेवा.

२. पोरानं चुन्याची पुडी दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. काय करू?

हे वाचत बसू नका, आधी नळाखाली न्या. मग वाचा.

आपल्याकडे निपाणी म्हटले की तंबाखू आणि तंबाखू म्हटली की चुना. आजोबांच्या कोपरीच्या खिशात, पानाच्या चंचीत, खिडकीच्या कट्ट्यावर ती प्लॅस्टिकची पुडी पडलेली असते. लहान मुलाला ती खेळणे वाटते. ते दोन्ही हातांनी दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट तोंडावर उडतो. चुना हा अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचा. ॲसिडने डोळ्याचा वरचा थर भाजून गोठतो आणि तो गोठलेला थरच पुढच्या ॲसिडला थोडाफार अडवतो. अल्कली थांबत नाही. ती पेशींवरची चरबी विरघळवत आत आत शिरते. दुखायचे थांबले तरी भाजणे चालूच असते.

मुलाला आडवे करा आणि डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला कलते करा, म्हणजे चुन्याचे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. एकाने पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, दुसऱ्याने तांब्याने नाकाच्या बाजूकडून कानाकडे पाणी ओतायचे. मूल किंचाळेल, हातपाय झाडेल. त्याला चादरीत गुंडाळा, पण पाणी थांबवू नका. नळाचे, घागरीतले, विहिरीचे, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते चालेल. उकळून गार करायला वेळ नाही. पापणीत चुन्याची गोळी दिसली तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने उचला, पण ती शोधण्यात धार खंडू देऊ नका. घड्याळ लावून निदान अर्धा तास धुवा. मग निघा आणि गाडीतही बाटलीने धुणे चालू ठेवा. चुना उतरावा म्हणून लिंबू, ताक, व्हिनेगर घालणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका, भाजण्यात भर पडते.

एक लेकरू आमच्याकडे दोन तासांनी आले होते, घरच्यांनी डोळ्यावर नुसता ओला रुमाल ठेवला होता. पाणी आठ पावलांवर होते. ते लेकरू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

३. असा रुग्ण कॅज्युअल्टीत आला तर नर्सने आधी नाव लिहून घ्यायचं की धुवायचं?

धुवायचे. नाव, केस पेपर, दृष्टी तपासणे, सगळे मागून. बाहेरून धुऊन आणले असले तरी पुन्हा धुवायचे. शक्य असेल तर आधी कागदी पट्टीने पीएच (ॲसिड-अल्कलीचे माप) पाहा, पण कागद सापडत नाही म्हणून थांबू नका. डॉक्टरांच्या सूचनेने बधिर करणारा थेंब घाला, नाहीतर रुग्ण पापणी उघडूच देत नाही. नॉर्मल सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटची बाटली आयव्ही सेटला जोडून संथ, सलग धार धरा. पापणी एकेरी नव्हे, दुहेरी उलटायची असते. वरच्या पापणीच्या खोल घडीत चुन्याचा साका बसून राहतो आणि तो तिथे आहे तोवर वरून कितीही सलाइन घातले तरी पीएच खाली येत नाही. तो ओल्या कापसाच्या काडीने काढावा लागतो. पीएच ७ ते ७.४ झाला की धार थांबवा, ५ ते १० मिनिटांनी पुन्हा मोजा. वाढला असेल तर पुन्हा धुवा. किती लिटर, किती वेळ, पीएच आधी किती आणि नंतर किती, हे नोंदवा.

४. मिरची कांडताना डोळ्यात तिखट गेलं, आग थांबत नाही.

संकेश्वरी मिरचीच्या दिवसांत हा फोन हमखास येतो. आग भयंकर होते, पण नजरेला सहसा धोका नसतो. १५ मिनिटे गार पाण्याने धुवा. आधी हात साबणाने धुवा, नाहीतर बोटांचे तिखट पुन्हा डोळ्यात जाईल. तूप, लोणी नको. दुसऱ्या दिवशीही खुपत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर दाखवा.

५. भात झोडताना कुसळ गेलं. पदराच्या टोकानं काढलं तर चालेल?

पांढऱ्या भागावर किंवा खालच्या पापणीत सहज दिसत असेल तर पाण्याने धुऊन किंवा ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने एकदा प्रयत्न करा. काळ्या बुबुळावर असेल तर कोणीही हात लावायचा नाही. पदराने नको, जिभेने तर नकोच. जिभेने कचरा काढून देणारी म्हातारी माणसे अजून काही गावांत आहेत. त्यांच्या मनात माया असते, पण तोंडातले जंतू ओरखड्यातून बुबुळात जातात. कचरा निघाल्यावरही खुपत राहिले तर वरच्या पापणीआड काहीतरी अडकलेले असते आणि दर उघडझापीला ते बुबुळ खरवडते. त्यासाठी पापणी उलटून पाहावी लागते.

६. उसाचं पान डोळ्यात लागलं होतं. दोन दिवस बरं होतं, आता डोळा लाल झालाय आणि पांढरा ठिपका दिसतोय.

आजच जा. उद्या नको, बाजाराच्या दिवशी तर नकोच.

चिकोडी, रायबाग, अथणी हा उसाचा पट्टा आणि उसाच्या पात्याची कड करवतीसारखी. ओरखडा स्वतः लहान असतो, एक-दोन दिवसांत भरूनही येतो. पण पात्यावरची बुरशी त्यातून बुबुळात शिरली तर जखम पडते, तिला कॉर्नियल अल्सर म्हणतात. बुरशीची जखम सावकाश वाढते. सुरुवातीला जखमेच्या मानाने दुखणे कमी असते, म्हणूनच माणूस आठ-आठ दिवस अंगावर काढतो. तोवर ठिपक्याचा डाग होतो, डोळ्यात पू साठतो, कधी बुबुळाला भोक पडते.

डॉक्टर जखमेचा किंचित खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतू की बुरशी, हे त्यावरून ठरते. म्हणून आधी मनाने अँटिबायोटिक घालून जाऊ नका, तपासणीत गोंधळ होतो.

यापुढचा उपचार म्हणजे निम्म्याहून अधिक शुश्रूषाच. सुरुवातीला थेंब दर तासाला असतात, रात्रीसुद्धा. घरी हे जमत नाही, म्हणून दाखल व्हायला सांगितले तर नाही म्हणू नका. बुरशीवरचे नॅटामायसिन हे पांढरे, खाली बसणारे औषध आहे. बाटली दर वेळी नीट हलवली नाही तर रुग्णाला नुसते पाणी मिळते. बाहुली मोठी करणारा थेंबही देतात, त्याने दुखणे कमी होते पण जवळचे अंधुक दिसते. रुग्ण घाबरतो, त्याला आधीच सांगून ठेवा. पट्टी बांधायची नाही. आतली ऊब आणि ओल बुरशीला मानवते. काळा चष्मा पुरे. साखर असेल तर तीही आटोक्यात आणा. हे दुखणे आठवडे नव्हे, कधी महिने चालते. उसाचे बिल अजून आलेले नसते, मजुरी बुडते, माणूस कंटाळून उपचार अर्धा सोडतो. घरच्यांनी तिथे त्याला धरून ठेवायला हवे.

७. मेडिकलवाल्यानं एक थेंबाची बाटली दिली, लगेच लाली गेली. मग डॉक्टर कशाला?

इतक्या लवकर लाली गेली असेल तर त्या बाटलीत बहुधा स्टिरॉइड आहे. चिठ्ठीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असे नाव दिसेल. योग्य आजारात, योग्य माणसाने दिले तर हे औषध डोळा वाचवते. पण बुरशीची जखम असताना ते घातले तर वरून लाली जाते आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, लवकर मोतीबिंदूही होतो. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या मुलांना आया वर्षानुवर्षे तीच रिकामी बाटली दाखवून नवी आणतात, तेव्हा माझा जीव तुटतो. अशा मुलांना चोळू न देणे, थंड पाण्याच्या घड्या आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब, हा सुरक्षित मार्ग आहे.

८. आईचं दूध, मध, गुलाबपाणी, एरंडेल यांतलं काय चालतं?

काहीच नाही. यांतले काहीही निर्जंतुक नसते. जखम असेल तर त्यातून जंतू आत जातात. बाळाच्या डोळ्यात आईचे दूध घालायचा सल्ला देणारी आजी वाईट नसते. तिला रागावू नका, पण वाटी बाजूला ठेवा.

९. वेल्डिंग केलं, तेव्हा काही झालं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यात वाळू भरल्यासारखं होऊन ओरडत उठलो.

उद्यमबाग, मच्छे भागातल्या कामगारांचा हा नेहमीचा अनुभव. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि दुखणे ६ ते १२ तासांनी सुरू होते, म्हणून रात्रीच. गार पाण्याच्या घड्या ठेवा, अंधारात पडा, दुखणे थांबवायची साधी गोळी घ्या. २४ ते ४८ तासांत थर भरून येतो. तरीही एकदा तपासून घ्या, किटाळ आहे की किरण हे आपल्याला घरी कळत नाही. जवळ उभा राहून नुसते पाहणाऱ्या पोरालाही हे होते.

बधिर करणारे थेंब घरी मागू नका. कोणाकडून मिळाले तरी घालू नका. त्याने जखम भरतच नाही आणि कळतही नाही.

१०. छिन्नीवर हातोडा मारताना काहीतरी उडालं. डोळा किंचित लाल, दिसतंय चांगलं. सोडून देऊ का?

नाही. हा फसवा प्रकार आहे. वेगाने उडालेला लोखंडाचा कण सुईच्या टोकाएवढ्या भोकातून थेट डोळ्याच्या आत जातो. भोक मिटते, दुखत नाही, दिसतेही. आत राहिलेले लोखंड मात्र गंजत डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) नासाडी करते. तपासणाऱ्याला "हातोड्याने मारताना" हे शब्द आवर्जून सांगा. नुसते "काहीतरी गेलं" म्हटले तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सुचणार नाही. लोखंड असल्याची शंका असेल तर एमआरआय करायचा नसतो, चुंबकाने कण आत सरकतो. नर्सिंगच्या मुलींनो, हा इतिहास केस पेपरवर ठळक लिहा.

११. विटी-दांडूची विटी डोळ्यावर बसली. बुबुळाच्या आत खाली रक्त साठल्यासारखं दिसतंय.

याला हायफिमा म्हणतात. मार बाहेरून, रक्त आत. डोळा न दाबता कप लावा (प्रश्न १ मधल्यासारखा) आणि रुग्णालयात न्या. डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवून पूर्ण विश्रांती, म्हणजे रक्त खाली बसते आणि बाहुली मोकळी राहते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा वाईट. मूल दुसऱ्याच दिवशी "मी बरा आहे" म्हणून अंगणात पळते, त्याला आवरणे हीच या आजारातली शुश्रूषा. दाब वाढला आहे का, हे डॉक्टर रोज पाहतात. या मुलांना पुढे काही वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दरवर्षी दाब तपासा.

१२. सकाळी उठलो तर पांढऱ्या भागात लालभडक रक्त. दुखत नाही, खाजत नाही.

मार लागलेला नसेल आणि नजर ठीक असेल तर हे बहुधा वरच्या पातळ आवरणाखाली फुटलेल्या केशवाहिनीचे रक्त आहे. खोकला, कुंथणे, जड ओझे एवढे कारण पुरते. एक-दोन आठवड्यांत आपोआप जाते. रक्तदाब मोजून घ्या. वारंवार होत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

१३. डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं की आपलेही येतात?

बघून येत नाहीत. हाताने येतात. त्याचा हात डोळ्याला, तोच हात दाराच्या कडीला, बसच्या दांड्याला, मोबाइलला. मग तुमचा हात तिथे आणि तुमच्या डोळ्याला. २०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे साथ पसरली, तेव्हा शाळांतून काळे चष्मे घातलेली मुले दिसत होती. काळ्या चष्म्याने उजेड सुसह्य होतो, साथ अडत नाही.

बहुतेक वेळा हा विषाणू असतो आणि एक-दोन आठवड्यांत जातो. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळ वेगळे ठेवा. चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने आतून बाहेर पुसा. एका बोळ्याने एकदाच, मग तो टाका. पुसणाऱ्याने आधी आणि नंतर हात धुवायचे. एकाची बाटली घरभर फिरवू नका. उजेड सहन न होणे, खरोखर दुखणे, नजर अंधुक होणे, यांतले काही असेल तर ते साधे डोळे येणे नव्हे.

१४. रांजणवाडी सारखी होते.

शेक द्या. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. पिळू नका, पापणीचा केस उपटू नका. सारखी होत असेल तर रक्तातली साखर तपासा. पापणी सुजून ताप आला, डोळा हलवताना दुखू लागले किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसला तर ती रांजणवाडी नाही, जंतुसंसर्ग खोल गेला आहे. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

१५. थेंब घालायची बरोबर पद्धत कोणती? निम्मं औषध गालावरच जातं.

हात धुवा. बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचा. डोळ्याच्या थेंबांऐवजी कानाचे थेंब, इतकेच काय, झटपट चिकटणारा ग्लूही घातलेला मी पाहिला आहे, बाटल्या सारख्याच दिसतात. रुग्णाला मान मागे करून वर पाहायला सांगा. खालची पापणी अलगद खाली ओढली की एक लहानसा खिसा तयार होतो. थेंब त्यात टाकायचा, बुबुळावर नाही. बाटलीचे टोक कशालाही लागू द्यायचे नाही. एकच थेंब. डोळ्यात तेवढाच मावतो, बाकीचा गालावर जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा. थेंब आधी, मलम शेवटी. बाटली फोडल्याची तारीख वर लिहा आणि चार आठवड्यांनी टाकून द्या, औषध उरले असले तरी.

१६. चिठ्ठी इंग्रजीत, सिस्टर कन्नडमध्ये सांगतात, आई फक्त मराठी बोलते. चुकीच्या डोळ्यात औषध गेलं तर?

ही भीती खरी आहे आणि हे घडते. काही शब्द पाठ करून ठेवा. कण्णु म्हणजे डोळा, बलगण्णु उजवा, एडगण्णु डावा, हनी म्हणजे थेंब, "दिनक्के नाल्कु सला" म्हणजे दिवसातून चार वेळा. निघताना सिस्टरसमोर आपण बोट दाखवून परत सांगा : हा डोळा, एक थेंब, चार वेळा. विचारायला लाजू नका. मी स्वतः बाटलीवर चिकटपट्टी लावून चित्र काढत असे, सूर्य उगवताना, डोक्यावर, मावळताना आणि चंद्र. अक्षर न येणाऱ्या आज्जीसुद्धा चुकल्या नाहीत. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी उजवा-डावा संक्षेपात न लिहिता पूर्ण शब्दात लिहावे.

१७. मोतीबिंदू पिकल्यावरच ऑपरेशन करतात ना?

ती जुनी गोष्ट झाली. रोजचे काम अडू लागले की करायचे. भाकरी करताना पीठ-मीठ दिसत नाही, बसचा बोर्ड वाचता येत नाही, पायरी चुकते, एवढे पुरे. फार पिकू दिला तर भिंग कडक होते, कधी फुगून डोळ्याचा दाब वाढतो.

ऑपरेशनआधी सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. त्यात एक गोष्ट पुरुष सांगायला विसरतात : लघवीसाठी चालू असलेली प्रोस्टेटची गोळी, टॅमसुलोसिन. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत भाग (आयरिस) लडबडतो. कधीकाळी घेतली असेल तरी सांगा. सर्जनला आधी ठाऊक असेल तर तो तयारीने उतरतो.

१८. ऑपरेशन झालं. आता काय पाळायचं? वांगं, आंबट बंद का?

वांग्याने, ताकाने डोळ्याला काही होत नाही. नेहमीचे जेवण द्या. बद्धकोष्ठ आणि खोकला मात्र अंगावर काढू नका, कुंथण्याने दाब येतो. डोळा चोळायचा नाही. रात्री झोपताना प्लॅस्टिकची वाटी निदान आठवडाभर लावायची, झोपेत हात जातोच. साधारण दोन आठवडे डोक्यावरून आंघोळ नको, गळ्याखाली करा आणि तोंड ओल्या फडक्याने पुसा. चुलीचा धूर, गोठ्यातली धूळ, घागर उचलणे टाळा. थेंब चार ते सहा आठवडे चालतात. दिसू लागले म्हणून मध्येच सोडू नका.

दुखणे वाढले, लाली वाढली, आलेली नजर पुन्हा मंद झाली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. शिबिराच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा, इथे काही तासांनीही फरक पडतो.

महिन्या-वर्षांनी सावकाश पुन्हा अंधुक झाले तर लोक म्हणतात, मोती परत आला. तो परत येत नाही. ऑपरेशनात बसवलेल्या नव्या भिंगामागचे पातळ आवरण धूसर होते आणि ते लेसरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

१९. अचानक डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, पित्त समजून सोडा दिला. सकाळी एका डोळ्यानं दिसेना.

हा काचबिंदूचा तीव्र झटका. डोळा लाल, बुबुळ धुरकट, दिव्याभोवती रंगीत कडे, एका बाजूचे डोके आणि ओकाऱ्या. त्यात पोटाचा दोष नसतो. अर्धशिशी आणि पित्ताच्या रुग्णाचा डोळाही एकदा पाहा, एवढे नवीन सिस्टरांना मी नेहमी सांगते.

दुसरा काचबिंदू गुपचूप येतो, काही दुखत नाही, नजर कडेने आकसत जाते. गेलेली परत मिळत नाही. त्याचे थेंब जन्मभराचे. टिमोलॉल असेल तर दमा किंवा नाडी मंद असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे आणि डोळ्याचा कोपरा दाबणे चुकवू नये (प्रश्न १५). आई-वडिलांना असेल तर चाळिशीनंतर मुलांनी तपासून घ्यावे.

२०. साखर आहे, पण डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. तपासायचं का?

होय, वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून. पडद्यावरचे बदल सुरुवातीला जाणवत नाहीत. त्या दिवशी मोटारसायकल घेऊन जाऊ नका, चार-सहा तास अंधुक दिसते. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटले तर वर्षाची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

२१. बाळाच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. काजळ घातलं तर थांबेल?

काजळ नको. अश्रूंची नळी पूर्ण उघडलेली नसते, बहुतेकांची वर्षभरात उघडते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर स्वच्छ बोटाने खाली नाकाकडे हलका दाब देत पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा मसाज करा. सिस्टरकडून एकदा शिकून घ्या. जन्मानंतर महिन्याच्या आत पापण्या सुजून पू येत असेल तर ती तातडीची बाब.

३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, फार लवकर जन्मलेल्याचा त्याहून आधी. मोबाइलच्या फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर लगेच दाखवा, डोळ्याचा कर्करोग असू शकतो. अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस पाच वर्षांपर्यंत पूर्ण करा; अंगणवाडीत ते मोफत मिळतात.

२२. मारुतीला रुईच्या पानांची माळ केली. डोळा दुखत नाही, पण धुकं पडल्यासारखं दिसतंय.

रुईच्या चिकाचे हे खास लक्षण. चीक बुबुळ बधिर करतो, म्हणून दुखत नाही. पण आतल्या थराला सूज येते आणि नजर धुरकटते. दुखत नाही म्हणून घरी बसू नका. प्रश्न २ प्रमाणे धुवा आणि जा. वेळेत उपचार झाले तर बहुतेक वेळा नजर परत येते. माळ करून झाली की हात साबणाने धुवा.

असेच सीताफळाच्या बियांचे. उवांसाठी पूड डोक्याला लावतात, घाम आला की ती डोळ्यात उतरते आणि बुबुळ सोलवटते. उवांसाठी कंगवा आणि औषधी लोशन आहे, बिया नकोत.

२३. गाडीची बॅटरी फुटली. ॲसिडही उडालं आणि प्लॅस्टिकचे तुकडेही. धुवायचं की नाही?

अडचणीचा प्रश्न. धुवा. ॲसिड थांबवणे आधी. पण धार अगदी हलकी, पापण्या जोराने फाकवायच्या नाहीत, डोळ्यावर बोट टेकवायचे नाही, रुतलेले काढायचे नाही. मग कप लावून न्या. दिवाळीत किल्ल्याजवळ फटाका फुटून दारू डोळ्यात गेली तरी असेच.

२४. डोळ्यात फूल पडलंय. डोळे बदलता येतात का?

फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. पूर्ण डोळा नाही, बुबुळाचा पारदर्शक भाग, कॉर्निया, बदलता येतो. त्यासाठी कुणीतरी मृत्यूनंतर दान दिलेला असावा लागतो. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले आणि घरच्यांनी नेत्रदान केले, त्यानंतर कर्नाटकात याबद्दल लोक मोकळेपणी बोलू लागले. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत कळवा. डोळे मिटून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा होता, साखर होती, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, तरी चालते. एड्स, कावीळ बी किंवा सी, रेबीज असेल तर नाही. चेहरा विद्रूप होत नाही.

२५. दादाच्या डोळ्याला बैलाचं शिंग लागून नजर गेली. आता त्या डोळ्यानं दिसत नाहीच, मग तपासणीला कशाला जायचं?

दुसऱ्या डोळ्यासाठी. एक डोळा फुटल्यावर शरीर कधी कधी चांगल्या डोळ्यालाही परका समजते आणि तो सुजतो. काही आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही होते. चांगला डोळा लाल होणे, उजेड टोचणे, जवळचे वाचताना अंधुक होणे, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी जा आणि "दुसरा डोळा फुटला होता" हे पहिले वाक्य सांगा. लवकर औषध सुरू झाले तर नजर वाचते.

आणि चष्म्याचा नंबर असो वा नसो, दादांना पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा करून द्या. ती काच सहसा फुटत नाही. कानाकडच्या बाजूला आड असलेली फ्रेम घ्या. ऊस तोडताना, वैरण कापताना, गोठ्यात, दुचाकीवर तो डोळ्यावरून उतरवायचा नाही.